हाराखालची जागा

समजा, तुमच्यासमोर एका आधार कार्डाची झेरॉक्स ठेवली आहे. त्यावरचा फोटो अंगठ्याच्या नखापेक्षा जरासाच मोठा. झेरॉक्समध्ये डावा डोळा काळा झालाय, उजव्या गालावर घडीची रेघ आली आहे, आणि कॅमेऱ्यासमोर बसवलेली ती बाई, आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय अशा चेहऱ्याने बघते आहे. यावरून तुम्हाला दोन फूट बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवर तिचा चेहरा काढायचा आहे. बाईंना तुम्ही कधी पाहिलेलं नाही आणि आता पाहायची सोय राहिलेली नाही. दिवसकार्याच्या शेवटच्या, गंधमुक्तीच्या कार्यक्रमाला नऊ दिवस उरलेत. तिघं मुलगे तुमच्या डोक्याशी उभे आहेत. थोरला म्हणतो, आई गोरी होती. मधला म्हणतो, सावळी होती, पण गोरी करा. धाकटा म्हणतो, काहीही करा, पण हसती करा.

मी एकदा, इंजिनिअरच्या सवयीने, या कामाचं गणित मांडून पाहिलं होतं. फोटोतला एक मिलिमीटर कॅनव्हासवर तीन सेंटिमीटर होतो. म्हणजे झेरॉक्समधला बारीक ठिपका मोठा करत गेलात तर चेहऱ्यावर रुपयाएवढा डाग उमटतो. तो तीळ होता की शाई, हे खात्रीने सांगू शकणारं माणूसच नेमकं गेलेलं असतं.

शिरपूरला करवंद नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये प्रेमराज पेंटर गेली सव्वीस वर्षं हे काम करतात. धुळ्याला त्यांनी चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, तीही पहिल्या वर्गात. शिक्षकाच्या जागा निघतील म्हणून सहा वर्षं वाट पाहिली. तोवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. ट्रकमागचे मोर गेले, भिंतीवरचे लग्नाचे गणपती गेले. मरणारी माणसं तेवढी टिकून राहिली. “कलेला मरण नाही म्हणतात,” प्रेमराजभाऊ सांगतात, “ते खरंच आहे. मरणाला मात्र कला लागते.”

हे काम त्यांना छगन पेंटरांनी शिकवलं. छगन पेंटर आता नाहीत. त्यांचंही चित्र प्रेमराजभाऊंनीच काढलं. छगन पेंटरांचे नियम दोनच होते. पहिला नियम डोळ्यांचा. गेलेल्या माणसाने घरच्यांकडे थेट बघायचं नाही. नाहीतर सुनेला ओट्यापाशी उभं राहवत नाही, भाऊ वाटण्या करायला बसले की त्यांची जीभ अडखळते. म्हणून बुबुळं दोन सूत, पाव इंचभर, वर घ्यायची. माणूस सगळ्यांच्या डोक्यावरून कुठेतरी बघतो आणि घरात शांतता राहते. दुसरा नियम हाराचा. चित्रावर कायमचा हार येणार, चंदनाचा नाहीतर प्लॅस्टिकचा. तेव्हा गळ्याच्या हाडाखाली मेहनत करायची नाही. एकच पातळ हात मारायचा आणि पुढच्या ऑर्डरीला लागायचं. हाराखाली रंग वाया घालवू नये.

बाकी सगळं गिऱ्हाईक ठरवतं. आयुष्यभर बंडीवर राहिलेल्या शेतकऱ्याला मुलगे जाकीट घालायला लावतात. “आपल्याकडे मेल्यावर प्रत्येकाला जाकीट मिळतं आणि रंग दोन शेड उजळतो,” असं प्रेमराजभाऊ अगदी गंभीरपणे सांगतात. नरडाण्याच्या एका घरी चित्र पोचवायला गेले तेव्हा सगळ्यांनी हात जोडले, डोळे पुसले. धाकटी सून तेवढी पदराआडून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “सासूबाई अशा कधी हसल्या नाहीत बरं का, पेंटरभाऊ. पण राहू द्या. आता तरी हसू द्या त्यांना.”

प्रेमराजभाऊंच्या मते त्यांच्या चित्रांबद्दल झालेली ही एकमेव खरी समीक्षा.

त्यांची अडचण वेगळीच होती. सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही जिवंत माणसाचं चित्र काढलं नव्हतं. काढायची फार इच्छा होती, बसायलाच कुणी तयार नव्हतं. त्यांच्या ईझलवर जो चढला तो वर गेला, एवढं गावाला माहीत होतं. आधी गेला की नंतर, या बारकाव्यात गाव शिरलं नाही. शेजारच्या पंक्चरवाल्या योगराजला त्यांनी एकदा म्हटलं, “बस जरा, फुकटात काढून देतो.” योगराज हातातला टायर टाकून दोन पावलं मागे सरला. “भाऊ, तुमची कला मोठीच आहे. पण मला अजून दोन पोरींची लग्नं करायचीत.”

घरात तर विषयच काढायचा नाही. प्रेमराजभाऊंची आई, भिकुबाई, वय ऐंशीच्या पुढे. तिने कधीचं बजावून ठेवलं होतं.

“पोरीले काढू नको रे. तू ज्याले काढस, तो वर जास.”

“माय, पहिले मानूस जास, मंग मी काढस.”

“माले माहीत शे. पन देवले काय तारखा पाठ शेतस का?”

यावर कला महाविद्यालयात काही शिकवलेलं नव्हतं.

पोरगी म्हणजे पुनम, एकुलती एक. शिरपूरलाच फार्मसी झाली, आणि गेल्या जूनमध्ये तिला पुण्याच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली. ऑगस्टमध्ये हजर व्हायचं होतं. ती बातमी आली त्या दिवशी प्रेमराजभाऊंनी पेढे वाटले आणि शेडमध्ये येऊन कोऱ्या कॅनव्हाससमोर बसले. पोरगी आता सणावारालाच येणार. जिवंत चेहरा काढायचा तर हाच, आणि आत्ताच. तोही आपल्या हातून निघाला नाही, तर आपण चित्रकार कसले? आपण फोटो मोठे करून देणारे. तेवढं काम मशीनही करतं.

त्यांनी पुनमला विचारलं. तिने दोन अटी घातल्या. “एक, मला गोरी करायचं नाही. दोन, आजीला कळलं तर तुम्ही सांभाळायचं.”

आजीला कळू नये म्हणून काय सांगायचं, हे पुनमनेच ठरवलं. रविवारी शेड बंद असते, योगराजही गावाला जातो. पहिल्या रविवारी ती आजीला म्हणाली, “आधार अपडेट करायला जाते. पुण्याला लागणार आहे. शिबिर आहे रविवारचं.” दुसऱ्या रविवारी सर्व्हर बंद होता. तिसऱ्या रविवारी बोटांचे ठसे येईनात. भिकुबाईंना शंका येईल, अशी पुनमच्या आईला, दिपमालाताईंना धास्ती होती. भिकुबाईंना उलट कळवळाच आला. “मनंबी असंच व्हयनं. कापूस येची येची बोटे घसाई गयात. चार चकरा माऱ्यात मी.” चौथ्या रविवारी तर म्हातारीनेच तिला आठवण केली.

तर असे चार रविवार. पुनम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर खिडकीकडे तोंड करून, पप्पांच्या ईझलसमोर बसायची. अंगात नवा कुडता. कॉलेजमधून प्रशिक्षणाला गेली होती तेव्हा मिळालेल्या पहिल्या विद्यावेतनातून घेतलेला, गर्द निळा, छातीवर पांढऱ्या धाग्याने भरलेलं बारीक काम. चित्रात सारखेपणा राहावा म्हणून चारही रविवारी तिने तोच घातला. दर शनिवारी धुऊन, दर रविवारी इस्त्री करून.

जिवंत माणसाचं चित्र काढणं किती अवघड, हे प्रेमराजभाऊंना पहिल्याच तासात कळलं. झेरॉक्स श्वास घेत नाही. हिला मध्येच शिंक यायची. उकडायचं. केसाची बट कपाळावर यायची, ती सारायला हात यायचा, हातामागे मान यायची.

“हलू नको ना, पुनम.”

“पप्पा, तुमची गिऱ्हाइकं हलत नाहीत. म्हणून तुम्हाला सवय नाही.”

“डोळे मिटू नको.”

“मिटले नाहीत, मिचकावले. जिवंत माणसं मिचकावतात. मध्ये मध्ये.”

पहिल्या रविवारी ती मोबाइल बघत बसली. दुसऱ्या रविवारी त्यांनी तो काढून खिशात घातला. मग ती बोलत सुटायची. पुण्यात खोली कशी मिळेल, सोबतच्या मुली कशा असतील, तिथे शेवभाजी मिळेल का. प्रेमराजभाऊ हूं हूं करत होते. त्यांचं लक्ष नाकपुडीच्या सावलीत होतं. कॅनव्हासवर पेन्सिलने चौकोन पाडले होते. एक चौकोन बघायचा, तो उतरवायचा, मग पुढचा. अशी त्यांनी चार रविवार पोरगी बघितली, चौकोना-चौकोनाने.

चौथ्या रविवारी दुपारी त्यांनी खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. सही म्हणजे काम पूर्ण, हा त्यांचा शिरस्ता. ईझल फिरवलं आणि पुनमकडे पाहत उभे राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच चित्रातलं माणूस स्वतःचं चित्र बघणार होतं.

पुनम उठली. जवळ आली. मागे गेली. पुन्हा जवळ आली.

“पप्पा, छान झालंय,” ती म्हणाली. “फक्त हार राहिला.”

आणि ती हसली. मनापासून, अगदी पोट धरून. प्रेमराजभाऊही सवयीने हसले. मग त्यांनी चित्राकडे पाहिलं. चेहरा हुबेहूब होता, शंकाच नाही. रंग तिचाच, एक शेडही उजळलेला नाही. ओठांवर तेच शांत, समजूतदार हसू, जे नरडाण्याच्या सासूबाईंना दिलं होतं, आणि त्याआधी कितीतरी जणांना. बुबुळं दोन सूत वर. आणि गळ्याच्या हाडाखाली एक पातळ निळा हात. बस.

पुनमचं हसणं थांबलं. “माझं भरतकाम कुठंय?”

“ते अजून करायचंय.”

तिने कोपऱ्यातल्या सहीकडे पाहिलं. खुर्चीवरची ओढणी घेतली, इस्त्री मोडणार नाही अशी बेताने खांद्यावर टाकली आणि म्हणाली, “चला. आजी वाट बघत असेल. आधार झालं का, विचारेल.”

खरं तर प्रकरण इथेच मिटायचं. प्रेमराजभाऊ दुसऱ्या दिवशी बसून भरतकाम करणार होते. पण सोमवारी सकाळी त्यांना नरडाण्याला एक चित्र पोचवायचं होतं. पुनमचं चित्र ओलं होतं, म्हणून त्यांनी ते वाळायला खिडकीशी उभं केलं, शेडला कुलूप लावलं आणि बस पकडली.

नऊच्या सुमारास योगराजने दुकान उघडलं. हवेचा पाइप सोडवताना त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. जाळीआड प्रेमराज पेंटरांची पुनम. डोक्यावरून कुठेतरी बघणारी, शांत, समजूतदार. हाराला जागा सोडलेली. शेडला कुलूप.

योगराजला दोष देता येणार नाही. त्या खिडकीत सव्वीस वर्षांत एकही जिवंत माणूस वाळत ठेवलेलं नव्हतं. तरी त्याने खात्री करून घ्यायची म्हणून प्रेमराजभाऊंना तीन फोन केले. भाऊंनी उचलले नाहीत. ते त्या वेळी नरडाण्यात दुसऱ्याच कुणासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे होते आणि फोन सायलेंटवर होता. पोरीचा बाप फोन उचलत नाही म्हटल्यावर योगराजच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने जाळीतून फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली दोनच शब्द लिहिले: भावपूर्ण श्रद्धांजली.

साडेदहाच्या आत एकतीस जणांनी हात जोडले. दोघांनी पुनमच्या स्वभावाविषयी चार चार ओळी लिहिल्या. तिच्याशी कधी न बोललेल्या एका काकांनी ती लहानपणापासून मनमिळाऊ होती असं कळवलं.

घरी पुनम बॅग भरत होती. पहिल्यांदा सुनंदाबाई आल्या, मागच्या गल्लीतल्या. डोक्यावर पदर, सोबत दोघी. ओसरीवर भिकुबाई ज्वारी निवडत बसलेल्या दिसल्या आणि सुनंदाबाईंनी दारातूनच गळा काढला. म्हातारी सूप घेऊन उठली. “काय व्हयनं व? कोन गये?” तेवढ्यात आतून, हातात कंगवा घेऊन, पुनम बाहेर आली.

सुनंदाबाईंचा सूर मधल्यामध्ये तुटला.

“माय वं! तू तं जित्ती शेस!”

“हो मावशी,” पुनम म्हणाली. “आत या ना. काय झालं?”

काय झालं ते सुनंदाबाईंनी मोबाइलवर दाखवलं. पुनमने सगळे निरोप खालीवर करून वाचले. मग, रीतच आहे म्हणून, उत्तर लिहिलं: “आपणा सर्वांच्या सहवेदनांबद्दल मनापासून आभारी आहे. रविवारी पुण्याला जात आहे. – पुनम.” दुपारपर्यंत आणखी अकरा जण आले. ज्यांनी ग्रुप पुरता वाचला नव्हता ते रडवेल्या चेहऱ्याने, ज्यांनी वाचला होता ते नुसतंच बघायला. दिपमालाताई अंगणवाडीतून धावत आल्या, पोरीला दोन्ही दंडांना धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग चहा ठेवायला गेल्या. आलेल्या सगळ्यांना चहा मिळाला. तो पुनमनेच दिला.

संध्याकाळी योगराज आला. दारातच कान धरले. “पुनम, चूक झाली. पण तुझ्या पप्पांनी काढलंच असं, की...”

“तुमची चूक नाही, काका,” पुनम म्हणाली. “मलाही तसंच वाटलं होतं.”

हे वाक्य प्रेमराजभाऊंनी ऐकलं. ते नुकतेच बसमधून उतरून घरी आले होते आणि पाय धूत होते.

मंगळवारी सकाळी भिकुबाई रिक्षात बसून शेडवर आल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. प्रेमराजभाऊंना वाटलं, म्हातारी कॅनव्हास फाडणार. त्यांनी मनाची तयारीही केली होती. खरं म्हणजे त्यांना ते हवंच होतं. भिकुबाई चित्रासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मोतीबिंदू काढलेले डोळे बारीक करून पाहिलं.

“हाई पोरगी कोठे देखी ऱ्हायनी?”

“वर, माय.”

“वर काय शे? पत्रा?”

प्रेमराजभाऊंनी मान वर केली. वर पत्राच होता.

“चांगलं काढं,” म्हातारी पुढे म्हणाली. “नाक तुना बापनं शे, बराबर. पन आपली पोरगी अशी देखस का? ती तं मानूसना तोंडकडे देखस.”

राग? राग कसला. खोटी खबर उठली की आयुष्य वाढतं, हे भिकुबाईंना पक्कं ठाऊक होतं. एकतीस माणसांनी श्रद्धांजली वाहिली, म्हणजे नातीची शंभरी नक्की. रिक्षात चढता चढता त्यांनी वळून सांगितलं, “आते मनाबी काढ. आनि मंग त्या योगराजले दखाड.”

रविवारी पुनम पुण्याला गेली. निळा कुडता तिने बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता.

त्यानंतर प्रेमराजभाऊंनी ते चित्र पुन्हा ईझलवर घेतलं. पुनमकडून कुडत्याचा फोटो मागवला. मोबाइलवर बोटांनी मोठा करून, एकेक टाका मोजून, त्यांनी भरतकाम उतरवलं. ऑर्डरी सांभाळत त्या एका वीतभर जागेला त्यांना तीन आठवडे लागले. कुठलाही हार ते झाकू शकणार नाही असं झालंय, मी पाहिलंय. सहीवर निळा हात मारलाय. हसूही पुसून नवीन काढलंय. आता ती काहीतरी बोलता बोलता थांबली आहे असं वाटतं, बहुतेक शेवभाजीबद्दल.

डोळे मात्र त्यांनी खरवडले ते खरवडलेच. गेले सात महिने चेहऱ्यावर दोन कोऱ्या जागा आहेत. गिऱ्हाईक आलं की ते चित्राचं तोंड भिंतीकडे करतात. योगराजने एकदा सुचवलं, “भाऊ, कुठूनही फोटोतले डोळे घ्या ना. ॲप आहे.” भाऊ म्हणाले, “फोटोत ती मोबाइलकडे बघते. सगळ्याच फोटोत.”

मागच्या महिन्यात त्यांनी पुण्याला फोन लावला. मी शेडमध्ये त्यांच्याजवळच बसलो होतो, त्यांनी स्पीकर चालू ठेवला होता.

“पुनम, तू त्या रविवारी बसायचीस ना, तेव्हा कुठे बघायचीस?”

“कुठल्या रविवारी, पप्पा? चार होते.”

“दुसऱ्यापासूनच्या. मोबाइल मी काढून घेतला होता तेव्हा.”

पुनम म्हणाली, “म्हणजे? तुम्ही समोर होतात की. चित्र तुम्ही काढत होतात. तुम्हाला माहीत नाही?” मागून कुणीतरी तिला हाक मारली. “मीटिंग आहे पप्पा, नंतर बोलते. आजीला सांगा, इथे पण आधारला ठसे येत नाहीत.”

फोन बंद झाला. प्रेमराजभाऊंनी ब्रश अळशीच्या तेलात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला. समोर नवीन ऑर्डर होती, एका आधार कार्डाची झेरॉक्स. ती त्यांनी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र उलटवलं.

“मी बारा तास तिच्यासमोर बसलो,” ते म्हणाले. “कपाळ बघितलं, गाल बघितला, नाकाची सावली बघितली. एकही चौकोन सोडला नाही. मला एवढंच सांग, तू इंजिनिअर आहेस. ती जर तीन रविवार माझ्याकडेच बघत होती, तर ते मला दिसलं कसं नाही?”